एनआरएल काढलं की दंडपेशी कुठे जातात?

उंदराच्या रेटिनातून (डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्यातून) एनआरएल हे एकच जनुक काढून टाकलं, तर ज्या पेशी दंडपेशी (मंद प्रकाशात बघणाऱ्या) व्हायच्या त्या मरत नाहीत. त्या शंकूपेशी (उजेडात रंग टिपणाऱ्या) होतात, तेही निळा-अतिनील प्रकाश टिपणाऱ्या एस प्रकारच्या. २००१ साली हे प्रसिद्ध झालं. उंदराच्या प्रकाशग्राही पेशींत एरवी सुमारे ९७ टक्के दंडपेशीच असतात, त्यामुळे उलथापालथ किती मोठी ते ध्यानात येईल. एनआरएल आडवं आलं नाही तर पेशी सरळ शंकूच्याच वाटेने जाते.

त्याआधीही फाटे आहेत. शेवटच्या विभाजनाच्या सुमारास ओटीएक्स-२ हे जनुक सुरू झालं की पेशीपुढे मुख्यतः दोनच वाटा उरतात, प्रकाशग्राही किंवा बायपोलर (प्रकाशग्राहींचा संदेश पुढे नेणारी). ओटीएक्स-२ नसेल तर याच पेशी अमॅक्राइनसारख्या (रेटिनाच्या आतल्या जोडपेशींसारख्या) होतात. पुढे ब्लिम्प-१ हे जनुक बायपोलरची वाट अडवतं. एनआरएलच्या हाताखालचं एनआर२ई३ शंकूची जनुकं दाबून धरतं. माणसात ते बिघडलं की एस-शंकूपेशी वाजवीपेक्षा जास्त होतात आणि रातांधळेपणा येतो. सीआरएक्स या जनुकाचं काम निराळं. ते नसतानाही प्रकाशग्राही पेशी जन्मतात, पण त्यांचे बाह्यखंड (प्रकाश टिपणारी टोकं) घडत नाहीत.

वाचताना सगळ्यात जास्त घोळ होतो तो खुणेच्या प्रथिनांचा, म्हणजे पेशी कोणती ते ज्यांवरून ओळखतात त्यांचा. व्हीएसएक्स-२ पूर्वज पेशींतही (ज्या विभाजून रेटिनाच्या बाकी पेशी बनतात) असतं आणि तयार बायपोलरमध्येही. सॉक्स-९ पूर्वजांत आणि म्युलर ग्लियात (रेटिनाच्या आधारपेशींत). पॅक्स-६ तर पूर्वज, गँग्लियन (मेंदूकडे संदेश नेणाऱ्या), अमॅक्राइन, हॉरिझाँटल (प्रकाशग्राहींना आडवं जोडणाऱ्या) अशा सगळ्यांत. म्हणून नुसता ‘व्हीएसएक्स-२ दिसलं’ हा पुरावा नव्हे. पेशी कोणत्या थरात आहे आणि अजून विभाजते आहे का, हेही दाखवावं लागतं.

दुसरा सापळा नवजात पिलांवरच्या इलेक्ट्रोपोरेशनचा, म्हणजे विजेच्या झटक्यांनी पेशींत डीएनए घालण्याचा. जन्मदिवशी रेटिनाखालच्या पोकळीत साधारण अर्धा मायक्रोलिटर प्लास्मिड (पेशीला खूण लावणारं डीएनएचं छोटं वर्तुळ) सोडायचं आणि ८० व्होल्टचे, ५० मिलिसेकंदांचे पाच झटके द्यायचे, मध्ये ९५० मिलिसेकंदांची विश्रांती ठेवून. डीएनए ऋणभारित, म्हणून धन इलेक्ट्रोडकडे ओढला जातो. ध्रुव उलटे लागले तर तो रेटिनाऐवजी रंगद्रव्य थरात शिरतो. पण ध्रुव बरोबर असले तरी खूण लागते ती उशिरा जन्मणाऱ्यांनाच: दंडपेशी, बायपोलर, काही अमॅक्राइन, म्युलर ग्लिया. गँग्लियन, हॉरिझाँटल आणि शंकूपेशींचा जन्म तोवर उरकलेला असतो. ‘आमच्या फॅक्टरने (घातलेल्या जनुकाने) शंकूपेशी रोखल्या’ असं या प्रयोगावरून म्हणणं म्हणजे गाडी गेल्यावर प्रवासी मोजणं. तो प्रश्न गर्भावस्थेतच विचारायला हवा.

जन्मानंतर चौदाव्या दिवशी खूण लागलेल्या पेशींची मोजणी करताना नुसत्या टक्केवारीवर विसंबू नये. समजा, खूण लागलेल्या १०० पेशींत ८० दंडपेशी आणि १० बायपोलर होत्या. त्यातल्या ४० दंडपेशी मेल्या तर उरलेल्या ६० पेशींत बायपोलर १० टक्क्यांवरून जवळपास १७ टक्क्यांवर जातात, एकाही पेशीने वाट बदललेली नसताना. म्हणून मधल्या दिवसांचे काप घेऊन सक्रिय कॅस्पेज-३ (पेशी मरत असल्याची खूण) बघायचं, आणि ठरावीक क्षेत्रफळातल्या एकूण पेशीही मोजायच्या.