एलियान रादीग ऐकतोय : फीडबॅक झालं, आता आर्प

ड्रोन-नॉइजच्या (एकच लांब सूर किंवा नुसता खरखरीत आवाज धरून केलेलं संगीत) नादात सध्या गाडी संगीतकार एलियान रादीगवर अडकलीय. बाई पॅरिसच्या, जन्म १९३२ चा, रेकॉर्ड केलेल्या आवाजांचं टेपवर संगीत करणाऱ्या पिएर शेफर आणि पिएर आंरीकडे टेपचं काम करत तयार झालेल्या. बहुतेक जण ‘त्रिलोजी द ला मोर’ या तीन भागांच्या सिंथवरच्या कामापासून सुरू कर म्हणतात, माझं मत उलटं, आधी १९७० च्या आसपासचे फीडबॅकवाले पीस ऐका. माईक स्पीकरसमोर गेला की जी शिट्टी वाजते ना, जी ऐकून साउंडवाला धावत येतो, तीच बाईंनी धरून ठेवलीय. माईक केसभर हलला तर सूर एकतर मरतो नाहीतर किंचाळतो, त्या चिंचोळ्या पट्टीत टिकून राहायचं. कडा बोचऱ्या आहेत अजून, नॉइजवाल्यांना इथेच मजा येईल. ‘व्हिसा व्हर्सा, एत्सेतेरा’ (१९७०) तर कुठल्याही स्पीडला, सुलट-उलट, एकावर एक कशीही लावा अशी टेप, आणि कॉप्या काढल्या फक्त १०!

मग आर्प २५०० सिंथ, म्हणजे विजेवर आवाज तयार करणारं वाद्य. न्यूयॉर्कहून तो घरी नेताना कीबोर्ड मुद्दाम तिकडेच ठेवला, म्हणजे बोटं सवयीने सूर वाजवायला जायलाच नकोत. मला हे फार आवडलं, कारण ‘किएमा’ (१९८८, त्याच ‘त्रिलोजी’चा पहिला भाग) ऐकताना नेमकं तेच जाणवतं, तासभरात आवाज पार बदललेला असतो पण कधी बदलला ते काही केल्या पकडता येत नाही. मागे बार्दो थोदोल हा तिबेटी ग्रंथ, मृत्यू आणि पुनर्जन्माच्या मधला प्रवास वगैरे आहे, ते माहीत नसलं तरी अडत नाही.

ऐकायचं कसं यावर मात्र थोडं भांडेन. हेडफोन काढा, स्पीकरवर लावा, आवाज बारीकच ठेवा आणि मान जरा इकडे-तिकडे करा, एक हार्मोनिक (मूळ सुरात मिसळलेला वरचा सूर) गायब होतो, दुसरा पुढे येतो, खोलीच वाजायला लागते. फोनच्या स्पीकरवर खालचा सगळा भाग उडतो, मग राहतं काय, कुईंऽऽ. आणि ती आतली संथ धडधड म्हणजे बीटिंग, दोन जवळजवळ सारखे सूर एकत्र वाजले की आवाज लहान-मोठा होतो ते. माझ्या सॉफ्टसिंथवर (कॉम्प्युटरवरचा सिंथ) दोन साइन, म्हणजे साधे शुद्ध सूर, लावले, २०० आणि २००.५ हर्ट्झ, दर दोन सेकंदांनी एक लाट येते. जवारी नीट लागलेला तानपुरा ऐकणाऱ्या कानाला हे परकं वाटणार नाही, फक्त इथे पुढे गाणारं कुणी येत नाही (माझ्या घरच्यांची तक्रार तीच आहे).

पुढचा नंबर ‘ऑकम ओशन’चा, २०११ पासूनची मालिका, सिंथ बंद, सगळी अकूस्टिक वाद्यं, आणि लिहिलेलं नोटेशन नाही, वादकाला समोर बसवून तोंडी द्यायचं, पहिला पीस हार्पवर ऱ्होड्री डेव्हिसचा. त्याआधी चार्ल्स कर्टिसचं चेलोवालं ‘नाल्जोर्लाक’ ऐकावं का थेट ‘ऑकम’वर यावं? ज्यांनी दोन्ही ऐकलंय त्यांनी सांगा, या वीकेंडला लावणार आहे.