पाय आधी, श्वास नंतर

गुरुवार, सकाळचे साडेआठ

कपाट आवरता आवरता आईने ऑक्सिमीटर पुढे केला. "याचे सेल काढून ठेव गं, पडून पडून गळतात." मी तो घेतला, सेल काढले, कागदात गुंडाळले. मग ध्यानात आलं, हात थरथरला नाही. म्हणून कपाट तसंच टाकून लिहायला बसले.

एप्रिल २०२१. बाबांना घेऊन रात्रभर गाडीत. तीन ठिकाणी बेड नाही. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर, बोटाला हाच चिमटा. ८४, ८२, ७९. त्या रात्री मी त्यांच्या चेहऱ्याकडे कमी आणि आकड्याकडे जास्त बघितलं. हे अजून सलतं.

नंतर जो भेटेल तो सांगायचा, प्राणायाम कर. सगळे मायेनेच सांगत होते. पण डोळे मिटले आणि कुणी "श्वासाकडे लक्ष द्या" म्हटलं, की मी परत त्या गाडीत. श्वास मोजायला लागायचे, छाती आवळून यायची. एकदा अनुलोम-विलोम अर्धवट टाकून वर्गातून उठून आले. समुपदेशक ताईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, श्वासापासूनच सुरुवात करायला हवी असं कुठे आहे? पायांपासून करू या. ठाण्यात उपवन तळ्याकाठी चीगाँग, म्हणजे संथ हालचालींचा चिनी व्यायाम, शिकवणाऱ्या बाईही त्यांनीच सुचवल्या.

बाईंचं पहिलं वाक्य होतं, "डोळे उघडे ठेवा. येऊरच्या डोंगराकडे बघा." तळ्याच्या काठाशी उभं राहायचं, गुडघे किंचित सैल, हात छातीसमोर गोल, जणू झाडाला कवेत घेतलंय. झान झुआंग म्हणतात त्याला. पाचव्या मिनिटाला मांड्या लटपटायला लागल्या, आणि त्या लटपटण्यात माझं मन इतकं गुंतलं की श्वासाची आठवणच राहिली नाही. मला वाटलं होतं कधीतरी रडू फुटेल. तसं काही झालं नाही. जांभया आल्या, एकामागून एक, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्या रात्री सलग झोपले.

मग बादुआनजिन, आठ हालचालींचा संच. बोटं गुंफून तळवे आभाळाकडे रेटायचे, की बरगड्या आपोआप उघडतात आणि हवा आपली आपण आत येते. श्वास घ्यावा लागत नाही, हातांमागून येतो. मला हेच हवं होतं. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती उतरते, हे ताईंनी समजावलं होतं, पण ते पटलं हात वर गेल्यावर.

सहा ध्वनींच्या प्रकारात एक ध्वनी फुफ्फुसांचा आहे, लांबलचक "स्स्स". चिनी वैद्यक शोकाची जागा फुफ्फुसांत मानतं. बाईंनी हे सांगितलं त्या दिवशी मला तो आवाज काढताच आला नाही. बाबांचं सगळं तिथेच तर संपलं होतं. बाई एवढंच म्हणाल्या, "राहू दे. आज नुसते हात कर." तो आवाज निघायला चार महिने लागले. अजूनही काही दिवस नाहीच निघत. समुपदेशनही चालू आहे, ते सोडलेलं नाही.

शेवटची हालचाल सर्वांत साधी. टाचा उचलायच्या आणि अलगद सोडायच्या, सात वेळा. आईला तेवढीच शिकवली आहे. आता ती ओट्याला धरून उभी आहे, कुकर लावलाय, आणि मोजतेय. "चार झाले का पाच गं?"

मी म्हटलं, "चार."