मोजता आम्हाला, मग विचारता कोणाला?

नागपुरात बसून मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडच्या फुटबॉल क्लबच्या मालकांवर चिडणाऱ्याला लोक दोनच प्रश्न विचारतात. एक, तुझं काय जाते बे? अन् दुसरा, मग दुसरी टीम काहून नाही पकडत? दुसऱ्याला उत्तर देण्यात अर्थ नाही, ज्याला हे विचारावं लागते त्याला सांगूनही समजत नाही. पण पहिल्याचं उत्तर आज नीट देतो, कारण माझं खरंच काही जाते, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त तिकडे मँचेस्टरमध्ये राहणाऱ्यांचं जाते, आणि त्यांचं जे जाते ते आमच्यासारख्यांचं नाव पुढे करून नेलं जाते. हे मला सगळ्यात जास्त खुपते.

आधी एक क्लिअर करतो, राग हरण्याचा नाही. 2013 मध्ये मॅनेजर फर्ग्युसन साहेब क्लबला 20 वी लीग जिंकून देऊन रिटायर झाले, त्यानंतर मोयेस, व्हॅन हाल, मोरिन्हो, सोल्शायर, टेन हाग, अमोरिम, एक गेला की दुसरा, आणि प्रत्येक वेळी आम्ही म्हणायचो आता तरी बसेल सगळं. 2024-25 मध्ये 42 पॉइंट घेऊन 15 व्या नंबरवर आलो, प्रीमियर लीग सुरू झाल्यापासूनचा आपला सगळ्यात खालचा नंबर. त्याच मे महिन्यात बिलबाओला युरोपा लीगची फायनल टॉटनहॅमकडून 1-0 ने गेली. आपल्याकडे मॅच रात्री साडेबाराला चालू झाली होती, संपेपर्यंत अडीच वाजले, नागपूरचा मे, कूलर फुलवर तरी घाम थांबेना, रूमवर आम्ही चार पोट्टे अन् कोणी कोणाशी बोललं नाही. त्याचं दुःख आहे. पण ते खेळातलं दुःख आहे, ते कोणताही फॅन सहन करतो.

राग वेगळ्या गोष्टीचा आहे आणि तो 2005 पासूनचा आहे.

त्या वर्षी माल्कम ग्लेझर या अमेरिकन माणसाच्या फॅमिलीने क्लब जवळपास 79 कोटी पौंडांना घेतला. त्यातला मोठा हिस्सा उधारीचा, आणि ती उधारी त्यांनी क्लबच्याच डोक्यावर टाकली. 1931 पासून ज्या क्लबवर कर्ज नव्हतं तो एका रात्रीत इंग्लंडमधल्या सगळ्यात कर्जबाजारी क्लबांमध्ये जाऊन बसला. ज्यांना हे आकडे बोर होतात त्यांच्यासाठी आपल्या भाषेत सांगतो. नागपूरच्या महाल भागातला एखादा जुना वाडा कोणी बँकेचं लोन काढून घ्यावा, लोन वाड्याच्याच नावावर चढवावं, हप्ता भाडेकरूंच्या भाड्यातून फेडावा, भाडं वाढवत राहावं, अन् छप्पर गळायला लागलं तरी वर मान करून पाहू नये. झालं. हेच झालं, आणि तिकडच्या कायद्यात हे बसत होतं.

छप्पर गळण्याचं मी उगाच नाही म्हटलं. मे 2024 मध्ये आर्सेनलसोबत 1-0 ने हरलो ती मॅच संपत आली अन् पाऊस चालू झाला, आणि ओल्ड ट्रॅफर्डच्या एका कोपऱ्यात छतावरून पाणी असं पडून राहिलं होतं की खालच्या खुर्च्या धुऊन निघाल्या. जगभर तो व्हिडिओ फिरला. आमच्या ग्रुपवर तर रात्रभर तोच. 74 हजार लोक बसतात तिथे, क्लबचं नाव घेतलं की डोळ्यासमोर हेच स्टेडियम येते, आणि वीस वर्षांत त्याच्यावर मालकाने मनापासून काही केलंय असं दिसत नाही. 2022 मध्ये रोनाल्डो इंटरव्ह्यूमध्ये म्हणाला की जिम, स्विमिंग पूल, सगळं तो आधी सोडून गेला होता तसंच आहे. त्याने ज्या पद्धतीने ते सांगितलं ते मला नाही पटलं, टीममध्ये असताना असं बाहेर बोलायचं नसते. पण तो जे सांगून राहिला होता ते खोटं कोणी ठरवू शकलं नाही.

कर्जाचं व्याज किती असावं? 2010 मध्ये त्यातल्या एका भागावर 16.25 टक्के लागून राहिलं होतं. त्याच्या आधीच्याच उन्हाळ्यात रोनाल्डोला 8 कोटी पौंडांना रेयाल माद्रिदला विकलं होतं. 2010 च्या जानेवारीत क्लबने कर्ज फेडण्यासाठी 50 कोटी पौंडांचे बॉण्ड (कर्जरोखे) काढले, त्याच्या कागदपत्रांतून आतला हिशोब लोकांना कळला, आणि तिथून हिरव्या-पिवळ्याचं आंदोलन पेटलं. व्याज, डिव्हिडंड अन् बाकी खर्च मिळून या खरेदीपायी क्लबमधून 100 कोटी पौंडांहून जास्त पैसा बाहेर गेला असं तिकडचे पेपर वर्षानुवर्षं लिहून राहिले आहेत.

हिरवा-पिवळा म्हणजे न्यूटन हीथचा रंग. 1878 मध्ये रेल्वेच्या कारखान्यातल्या कामगारांनी जो क्लब काढला तो न्यूटन हीथ, त्याचं 1902 मध्ये मँचेस्टर युनायटेड झालं. लाल रंग मालकाच्या धंद्याचा झाला म्हणून लोकांनी कामगारांचा रंग गळ्यात घातला. 2010 च्या मार्चमध्ये युनायटेडचाच जुना प्लेयर बेकहॅम मिलानकडून ओल्ड ट्रॅफर्डवर खेळायला आला, मॅच संपल्यावर कोणीतरी तसा स्कार्फ मैदानात फेकला अन् त्याने तो उचलून गळ्यात घातला. माझा एक मित्र अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढला, त्याचे बाबा लोकोशेडमध्ये होते. त्याला ही रेल्वेची गोष्ट कळली तेव्हापासून तो पार वेडाच झाला. काकूंना त्याने इतवारीतून लोकर आणून दिली, काकूंनी दोन सुयांवर हिरवा-पिवळा मफलर विणला, मधल्या पट्टीत एक टाका सुटलेला आहे तो अजून तसाच आहे. डिसेंबर-जानेवारीत दीड वाजताची मॅच असली की पोट्टा तोच मफलर गुंडाळून येते. ऑफिशियल स्टोअरमधल्या कोणत्याही वस्तूपेक्षा मला त्या मफलरमध्ये क्लब जास्त दिसतो.

आता कोणी म्हणेल की मालकांनी खर्च तर केला ना, पोग्बा 8.9 कोटी पौंड, मॅग्वायर 8 कोटी. केला, मान्य. पण तो पैसा मालकांनी खिशातून नाही काढला, क्लबच्या कमाईतून अन् क्लबच्याच नावावर काढलेल्या उधारीतून गेला. दुसरं म्हणजे खर्चाचे निर्णय कोण घेत होतं ते पहा. 2013 पासून 2022 पर्यंत कारभार एड वूडवर्डकडे, माणूस बँकेतला, ग्लेझरांनी क्लब घेतला तेव्हा त्या व्यवहारात सल्ला देणाऱ्या टीममध्ये होता. स्पॉन्सर आणण्यात हुशार, नूडल्सचा पार्टनर वेगळा, गाद्या-उशांचा पार्टनर वेगळा. पण कोणता प्लेयर कोणत्या सिस्टिमला लागते हे पाहणारा डायरेक्टर ऑफ फुटबॉल क्लबने पहिल्यांदा नेमला 2021 मध्ये. तोपर्यंत प्रत्येक मॅनेजर आपल्या पसंतीचे प्लेयर आणायचा, मग तो जायचा अन् ते प्लेयर राहायचे.

2024 च्या फेब्रुवारीत ब्रिटिश उद्योगपती सर जिम रॅटक्लिफ आले. चौथ्या हिश्श्याहून थोडं जास्त घेतलं आणि फुटबॉलचा कारभार त्यांच्या हातात आला. मँचेस्टरकडचाच माणूस, लहानपणापासून युनायटेडचा, आम्हाला खरंच आशा वाटली होती. मग जुलैमध्ये टेन हागचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं अन् ऑक्टोबरच्या शेवटी त्यालाच काढलं. स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणून डॅन ॲशवर्थला न्यूकॅसलकडून महिनोन्महिने भांडून आणलं अन् पाच महिन्यांत तो पण गेला. या दोन प्रकरणांत मिळून क्लबला 1.45 कोटी पौंड भरपाई द्यावी लागली. आता हे लक्षात ठेवा आणि पुढचं वाचा. त्याच काळात पैसे वाचवायचे म्हणून अडीचशे लोकांना घरी पाठवलं, मग अजून दोनशेपर्यंत पाठवणार म्हणून जाहीर केलं, ओल्ड ट्रॅफर्डच्या स्टाफचं फुकटचं जेवण बंद करून फळं ठेवली. फर्ग्युसन साहेबांचं अँबेसेडरचं मानधन बंद केलं. सीझनच्या मध्येच उरलेल्या मॅचेसची तिकिटं सरसकट 66 पौंडांना लावली, लहान मुलांना सवलत नाही, म्हाताऱ्यांना सवलत नाही.

चूक करणारे वेगळे अन् डबा बंद होणारे वेगळे. कॅन्टीनमध्ये जेवणाऱ्या बाईने टेन हागचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नव्हतं. हे कोणत्याही गावात, कोणत्याही ऑफिसात झालं असतं तरी मला इतकाच राग आला असता, पण हे माझ्या क्लबमध्ये झालं म्हणून झोप उडते.

आता माझ्या मूळ मुद्द्यावर येतो. 2012 मध्ये ग्लेझरांनी क्लबचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आणले, 14 डॉलरला एक. फॅमिलीने स्वतःकडे ठेवलेल्या शेअरला दहा मतं अन् पब्लिकच्या शेअरला एक, म्हणजे पैसे तुमचे अन् मर्जी आमची. त्या वेळी गुंतवणूकदारांना काय दाखवलं होतं? जगभरात आमचे 65.9 कोटी फॉलोअर आहेत. पुढे तो आकडा 110 कोटी झाला. भाऊ, त्या आकड्यात मी आहे! मफलरवाला माझा मित्र आहे, कामठीच्या ग्राउंडवर रविवारी सकाळी लाल जर्सी घालून खेळणारे पोट्टे आहेत, मोमीनपुऱ्यात टीव्हीसमोर दाटीवाटीने बसणारे आहेत. आम्हाला मोजून स्पॉन्सरला विकलं. अन् मँचेस्टरचा माणूस तिकिटाबद्दल, छपराबद्दल ओरडला की त्याला सांगायचं, क्लब आता ग्लोबल आहे.

2008 मध्ये प्रीमियर लीगनेच टूम काढली होती की एक जास्तीची, 39 वी मॅच बाहेरच्या देशात खेळवू. विरोध झाला, मागे घेतली. 2021 च्या एप्रिलमध्ये सुपर लीग आली, मोठ्या क्लबांनी आपली आपण काढलेली वेगळी स्पर्धा, बारा क्लब, त्यात इंग्लंडचे सहा, आपला पुढे. हिशोब हाच की स्टेडियममध्ये येणाऱ्यापेक्षा आशिया-अमेरिकेत टीव्हीवर पाहणारा जास्त. दोन-तीन दिवसांत सगळं कोसळलं कारण इंग्लंडचे फॅन्स रस्त्यावर आले. 2 मेला युनायटेडचे लोक ओल्ड ट्रॅफर्डमध्ये घुसले अन् लिव्हरपूलची मॅच पुढे ढकलावी लागली. आम्ही त्या दिवशी मॅच पाहायला बसलो होतो, मॅच झाली नाही, आणि मला कोणतीही मॅच पाहून वाटलं नसतं इतकं बरं वाटलं. आमच्या नावावर जे चाललं होतं ते त्यांनी थांबवलं.

आणि आशियातल्या फॅनला तरी काय देतात? बिलबाओची फायनल हरून आठवडा झाला नव्हता, थकलेल्या टीमला क्वालालंपूरला नेलं, आसियान ऑल स्टार्सशी (आग्नेय आशियातल्या प्लेयर्सची टीम) 1-0 ने हरले, आणि तिथल्या पब्लिकने हूट केलं. तिकीट काढून आलेली माणसं होती ती, वर्षानुवर्षं रात्री जागणारी, आपल्यासारखीच. त्यांना मी नावं नाही ठेवणार. प्लेयर्सची पण कीव आली. सीझन संपल्या संपल्या पाहुण्यांच्या गावी पैसे गोळा करायला पाठवायचं हे ठरवणारा माणूस मैदानात नव्हता.

मला मँचेस्टरच्या सीझन तिकीटवाल्याइतका हक्क नको आहे. तो पावसात भिजून जाते, त्याच्या आजोबापासून ती खुर्ची आहे, पहिला शब्द त्याचाच. जर्मनीत नियम आहे, 50 अधिक 1, म्हणजे मतांचा मोठा हिस्सा क्लबच्या सभासदांकडेच राहते, पैसेवाला येऊ शकते पण एकट्याने सगळं ठरवू शकत नाही. त्याला थोडे अपवाद आहेत, पण तत्त्व साफ आहे. इंग्लंडमध्ये आता कुठे 2025 च्या जुलैमध्ये कायदा झाला, फुटबॉलसाठी स्वतंत्र नियंत्रक आला, मालक होणाऱ्याची तपासणी, क्लबचं चिन्ह-रंग बदलायचे तर फॅन्सला विचारणं, सुपर लीगसारख्या फुटीर स्पर्धेत जायला बंदी. चांगलं आहे, पण 2005 मध्ये चढवलेलं ओझं त्याने उतरत नाही. कर्ज अजून आहे, ग्लेझर अजून आहेत.

आपल्याकडे तर तेवढंही नाही. 2025 च्या जुलैमध्ये आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, पुढचा सीझनच थांबवून ठेवला, कारण फेडरेशन अन् लीग चालवणाऱ्या कंपनीचा करार संपत आला होता अन् पुढचं काही ठरलं नव्हतं. कामठीतला सतरा वर्षांचा पोट्टा रोज पहाटे पळून राहिला आहे ते कोणासाठी, हे त्या मीटिंगमध्ये कोणी विचारलं असेल असं मला नाही वाटत.

आमच्या ग्रुपने एक ठरवलं आहे. ग्लेझर आहेत तोपर्यंत ऑफिशियल जर्सी, ऑफिशियल काहीही घ्यायचं नाही, जुनी आहे ती घालायची. मॅच पाहणं सोडणार नाही, ते होणारही नाही. एका जर्सीच्या पैशात दोन पोरांचे स्टड्स (फुटबॉलचे बूट) येतात, ते कामठीच्या ग्राउंडवर द्यायचे. ज्याला यात यायचं त्याने पुढच्या रविवारी सकाळी सातला ग्राउंडवर यावं, स्टड्सचे नंबर लिहून घ्यायचे आहेत.