स्पीडोमीटर अपडेट: १८ दातांचा गिअर बसला, तरी काटा ७२ वर

मोठे टायर टाकल्यापासून गाडीचं स्पीडोमीटर चुकतंय, आणि मागच्या वेळी म्हटलं होतं की नवा गिअर आला की विषय संपला. संपला नाही, पण काल रात्री खरी गोची सापडली आणि अजून त्याच आनंदात आहे.

आधी चांगलं. जुने टायर २८ इंची, नवे ३१, म्हणजे तेवढ्याच अंतरात चाक कमी फिरतं आणि मीटर साधारण १० टक्के कमी दाखवतं. गिअरबॉक्समधला केबलचा २० दातांचा गिअर काढून १८ चा टाकला (दात कमी केले की केबल जास्त फिरते, बरेच जण उलटं धरतात). पहिल्या पाकिटावर १८ लिहिलेलं आणि आत १९ निघाले, म्हणून लेबलवर विसंबू नका, दात स्वतः मोजा. जीपीएसवर ५० मैल, ओडोमीटरवर (अंतर मोजणारे आकडे) ५०.२! दोनदा तपासलं.

आणि काटा? जीपीएसवर वेग ताशी ६० मैल, काटा ७२, वर थरथरतोय. तीन संध्याकाळ मी गिअरच्याच मागे लागलो, गिअर धरणारी स्लीव्ह काढून परत बसवली, केबलचं वळण सैल केलं, केबलच्या मधे बसून फेरे कमी-जास्त करणारा रेशो बॉक्सही मागवायला निघालो होतो, आणि मग डोक्यात आलं की ओडोमीटर दातांवर चालतो पण काटा चुंबकावर. केबल चुंबक फिरवते, चुंबक न शिवता काट्याला जोडलेल्या ॲल्युमिनियमच्या वाटीला ओढतो, हेअरस्प्रिंग (केसासारखी बारीक स्प्रिंग) तिला मागे धरते. ओडोमीटर बरोबर म्हणजे केबलचे फेरे बरोबर, म्हणजे दोष हेडमध्येच, म्हणजे डॅशबोर्डवरच्या मीटरमध्येच.

उघडलं तर वाटीच्या आत काळपट ग्रीस. मागच्या महिन्यात केबलला पार वरच्या टोकापर्यंत मीच ग्रीस फासलं होतं, फिरणाऱ्या केबलच्या पिळाने ते स्क्रूसारखं वर चढवलं आणि ते फटीत भरल्यामुळे वाटी चुंबकाबरोबर जास्तच ओढली जात होती. वरचा एक वीतभर भाग कोरडाच ठेवा, प्लीज. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल घेऊन तासभर पुसत बसलो, हेअरस्प्रिंगला हात न लावता. मग हलकी फुंकर मारली तर वाटी हलली आणि अलगद शून्यावर परत आली. ते बघूनच सगळे कष्ट वसूल झाले.

नंतर केबलच्या जागी हेडला ड्रिल लावून फिरवून पाहिलं. या हेडला मैलाला १००० फेरे लागतात, म्हणजे १००० आरपीएमला (मिनिटाला १००० फेरे) काटा ६० वर हवा. फेरे मोजायला फोटो टॅकोमीटर घ्याच, साधा चालतो, पण ड्रिल मात्र एकसारखा स्पीड धरणारं हवं. काटा ५७ वर, एकदम स्थिर.

पण कमी दाखवणारं मीटर मला नको, खरा वेग जास्त असतो आणि आपल्याला कळत नाही. १७ दातांचा गिअर टाकला तर काटा ६० च्या आसपास येईल, पण ओडोमीटर बिघडेल, ते करणार नाही. चुंबक अशक्त झालाय असं धरून हेड बाहेर कुणाकडे तरी पाठवायचं ठरवलं होतं, पण हे लिहिता लिहिताच सुचलं, आधी ५०० आरपीएमलाही बघायला हवं ना! तिथे ३० च्या जागी २७ आला तर नुसता काटा सरकून बसलाय, तो उचलून नीट बसवला की झालं. २८.५ आला, म्हणजे तेवढेच टक्के कमी, तर चुंबकच. ड्रिल चार्जिंगला लावलंय, रात्री आकडे टाकतो.