जानेवारीतला चेरी कॉबलर

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात आंबट चेरीचा हंगाम जुलैमध्ये येतो आणि काही आठवड्यांत आटोपतो. तरीही या फळाचा सर्वांत उत्तम पदार्थ, माझ्या मते, भर जानेवारीत होतो. बाहेर गुडघाभर बर्फ साचलेला असतो, पाचच्या सुमारास अंधारून येते, आणि अशा दिवसांत जेवणानंतर काही ऊन, आंबटगोड आणि चमच्याने खाण्याजोगे हवेसे वाटते. चेरीचा कॉबलर, म्हणजे दाट रसातल्या फळांवर पिठाचे गोळे टाकून भाजलेला गोड पदार्थ, ही गरज नेमकी भागवतो. शिवाय तो गोठवलेल्या फळांचाच करायचा असतो, त्यामुळे ताजे फळ नाही म्हणून हळहळण्याचे कारण उरत नाही.

मी म्हणतो ती चेरी म्हणजे मॉन्टमोरेन्सी जातीची आंबट चेरी. भारतात डब्यातून मिळणारी, पाकात मुरवलेली लालभडक चेरी वेगळी आणि हातात घेऊन खायची गडद, गोड चेरीही वेगळी. मॉन्टमोरेन्सीची साल पातळ, गर फिकट आणि नाजूक. यंत्राने झाड गदागदा हलवून फळे खाली पसरलेल्या कापडावर पाडतात आणि लगेच थंड पाण्याच्या टाक्यांत घालतात. ताजी चेरी दूरवर पाठवण्याइतकी टिकत नाही, म्हणून पिकाचा फार मोठा भाग बिया काढून गोठवला, वाळवला किंवा डबाबंद केला जातो. अमेरिकेतल्या आंबट चेरीपैकी साधारण तीन-चतुर्थांश या एका राज्यातून येतात, आणि त्यांचे माहेर म्हणजे ट्रॅव्हर्स सिटीच्या आसपासचा टापू. तिथल्या ओल्ड मिशन द्वीपकल्पावर पीटर डोहर्टी या मिशनऱ्याने १८५२ मध्ये चेरीची झाडे लावली, आणि ती जगली याचे मोठे श्रेय मिशिगन सरोवराला जाते. वसंतात हे प्रचंड थंड पाणी किनाऱ्यावरची हवा लवकर तापू देत नाही, त्यामुळे मोहोर उशिरा येतो आणि उशिराच्या दहिवरातून वाचतो. हिवाळ्यात आमच्या अंगणात बर्फाचे ढीग आणून टाकणारे सरोवरही हेच. हे गणित चुकले की काय होते ते २०१२ मध्ये दिसले: मार्चमध्येच उन्हाळ्यासारखी ऊब पडली, झाडे अवेळी जागी झाली, एप्रिलमध्ये पुन्हा थंडीने गाठले आणि राज्यातले सुमारे ९० टक्के आंबट चेरीचे पीक गेले.

कॉबलर हा मुळात गैरसोयीतून जन्मलेला पदार्थ आहे. अमेरिकेत पश्चिमेकडे सरकणाऱ्या वसाहतकऱ्यांजवळ ‘पाय’ या फळे भरून भाजायच्या पदार्थासाठी लागणारी भट्टी नसे. असे ते तीन पायांचे जाड बिडाचे भांडे, ज्याच्या झाकणावरही निखारे ठेवता येत. त्यात फळे घालायची, वर कणकेचे गोळे टाकायचे आणि खालून-वरून आच द्यायची. आज दक्षिणेकडे, विशेषतः पीचच्या कॉबलरसाठी, वितळलेल्या लोण्यावर सरसरीत पीठ ओततात, त्यावर फळे पसरतात आणि भाजताना पीठ फळांना वेढत वर येते. तोही चांगला लागतो. पण आंबट चेरीला रस फार, आणि त्या रसात असे पीठ अर्धे कच्चे राहण्याची भीती असते. म्हणून मी वर गोळे टाकण्याची जुनी रीतच धरून आहे.

खरा प्रश्न रसाचा. गोठताना फळाच्या पेशींत बर्फाचे स्फटिक तयार होतात, ते पेशींच्या भिंती फोडतात, आणि चेरी वितळू लागली की तिच्यातला रस घळाघळा बाहेर येतो. गोठलेली चेरी तशीच भांड्यात घालून भाजली, तर वरचे गोळे तपकिरी होईपर्यंत खाली लाल पाण्याचे तळे साचते. यावर उपाय सोपा आहे, फक्त आदल्या रात्रीची आठवण हवी. सुमारे ९०० ग्रॅम चेरी चाळणीत घालून चाळण एका भांड्यावर ठेवावी आणि फ्रिजमध्ये रात्रभर वितळू द्यावी. सकाळी खाली जमलेल्या थंड रसात १५० ग्रॅम साखर आणि ३० ग्रॅम कॉर्नफ्लोअर गुठळी न होता कालवावे (अमेरिकेतल्या दुकानात हेच कॉर्नस्टार्च या नावाने मिळते, तिथे कॉर्नफ्लोअर म्हणून मक्याचे पीठ हाती पडू शकते). मग मध्यम आचेवर सतत ढवळत राहावे. आधी रस गढूळ गुलाबी दिसतो, काही वेळाने पळीला जड लागू लागतो, आणि उकळी फुटली की एकाएकी पारदर्शक, माणकासारखा लाल होतो. तिथेच आच बंद करावी. आंबट रसात कॉर्नफ्लोअर फार वेळ उकळत ठेवले तर आलेला दाटपणा पुन्हा सैल पडतो. त्यात चेरी, चिमूटभर मीठ आणि पाव छोटा चमचा बदामाचा अर्क घालावा. बदाम आणि चेरी एकाच कुळातली झाडे असल्याने हा अर्क परका वाटत नाही. उलट चेरी अधिक चेरीसारखी लागते. दालचिनी आणि वेलची मी कटाक्षाने टाळतो. सफरचंदाला दालचिनी शोभते, पण या आंबटपणापुढे ती नुसतीच मिरवते.

वरच्या आवरणासाठी १९० ग्रॅम मैदा, ४० ग्रॅम साखर, दोन छोटे चमचे बेकिंग पावडर, पाव छोटा चमचा सोडा आणि अर्धा छोटा चमचा मीठ एकत्र चाळून घ्यावे. फ्रिजमधून नुकतेच काढलेले ८५ ग्रॅम बटर बारीक कापून बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळावे. वाटाण्याएवढे तुकडे राहिले तर ते हवेच आहेत, कारण भाजताना त्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि आवरण हलके फुलते. मग थोड्या दुधाने सैल केलेले १५० मिलिलिटर आंबट दही घालून पीठ जेमतेम ओले होईल इतकेच कालवावे. पोळीच्या कणकेची सवय असलेल्या आपल्या हातांना मळण्याचा मोह होतो. तो आवरावा, नाही तर गोळे चिवट होतात. सोडा सांगितल्यापेक्षा जास्त घातला तर चवीबरोबर रंगही बिघडतो: चेरीच्या लाल रंगाला अल्कली लागली की तो निळसर होतो आणि गोळ्यांच्या तळाशी राखाडी-निळी कड दिसते.

गोळे गरम फळांवरच टाकायचे, हा नियम मी शेजारच्या आजींकडून घेतला. त्यांचे बालपण चेरीच्या बागेत गेले आणि पाककृती पाहताना मी त्यांना कधी पाहिलेले नाही. थंड फळांवर टाकलेले गोळे वरून रंगतात आणि खालून कच्चे राहतात. म्हणून चेरी नऊ इंची चौकोनी भांड्यात ओतून आधी एकटीच २०० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये ठेवावी आणि कडेने बुडबुडे दिसू लागले की चमच्याने गोळे टाकावेत, मधे फटी सोडून. त्या फटींतून वाफ निघते आणि रस वर येऊन गोळ्यांच्या कडांना चिकटतो. भांड्यातला सर्वांत चविष्ट भाग तोच. पुढे २५ ते ३० मिनिटे लागतात. घड्याळापेक्षा बुडबुड्यांवर भरवसा ठेवावा: पातळ, भराभर फुटणारे बुडबुडे म्हणजे अजून वेळ आहे, मधल्या भागातही जाड, सावकाश फुटणारे दिसले की काम झाले. भांड्याखाली एक थाळा ठेवावा, कारण रस ओसंडतोच आणि ओव्हनच्या तळाशी जळालेली साखर खरवडणे ही शिक्षा आहे.

महाराष्ट्रात मॉन्टमोरेन्सी मिळणार नाही, पण थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बाजारात असते आणि तिची थोडी आंबट, लहान फळे इथे चांगली कामी येतात. नुसत्या स्ट्रॉबेरीचा मात्र लगदा होतो. म्हणून निम्मे सफरचंद घालावे, साखर थोडी कमी करावी आणि लिंबू पिळावे. स्ट्रॉबेरी ताजी असेल तर तिला साखर लावून तासभर ठेवली की रस सुटतो आणि बाकी सगळे वरच्यासारखेच.

ओव्हनमधून काढल्यावर निदान अर्धा तास कॉबलरला हात लावू नये. रस त्या वेळात आळतो आणि जीभही वाचते. सोबत व्हॅनिला आइस्क्रीम देण्याची इथली पद्धत आहे, पण मला न फेटलेली, बिनसाखरेची दाट साय अधिक आवडते, कारण ती आंबटपणा झाकत नाही. उरलेला कॉबलर मायक्रोवेव्हमध्ये तापवला की आवरण ओलसर होते. १७५ अंशांच्या ओव्हनमध्ये पंधरा मिनिटे ठेवला तर वरचा भाग पुन्हा कुरकुरीत होतो, आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर खायला आमच्या घरी कोणाचीही हरकत नसते.