टपावर कनू, मागे कॅम्पर : मिसिसागाहून अल्गाँक्विनला

हंट्सव्हिलच्या पेट्रोल पंपावर शिरताना रस्ता आधी खाली उतरतो आणि लगेच वर चढतो. आमची गाडी चढाला लागली होती, तिच्यामागे ओढत आणलेला कॅम्पर, म्हणजे चाकांवरची राहायची खोली, अजून उतारावर होता. मागच्या सीटवर बसलेली मुलगी एकदम ओरडली, "आई, थांब!" मी ब्रेक दाबला आणि उतरून पाहिलं. घरून निघताना टपावर बांधलेल्या कनूचं, म्हणजे वल्ह्याच्या लांबट होडीचं, मागचं टोक आणि कॅम्परची पुढची भिंत यांच्यात चांगली हातभर जागा होती. आता जेमतेम वीतभर उरली होती.

टपावर कनू आणि मागे कॅम्पर असं दोन्ही घेऊन आम्ही पहिल्यांदाच निघालो होतो, मिसिसागाहून अल्गाँक्विन पार्कला. घरासमोरच्या सपाट रस्त्यावर टेप लावून मोजलं होतं, पण खोलगट जागेचा विचारच केला नव्हता. वळताना ही फट फारशी दगा देत नाही, कारण कॅम्पर हिचच्या, म्हणजे गाडीमागच्या जोडणीच्या, बॉलभोवती फिरतो आणि बॉलपासून त्याच्या भिंतीचं अंतर तेच राहतं. कनूचं टोक बॉलच्या मागे जितकं जातं, त्यापेक्षा ते अंतर बऱ्यापैकी जास्त असलं की वळणावर काळजी नाही. खोलगट जागी मात्र गाडीचा टप मागे कलतो, कॅम्परचं डोकं पुढे झुकतं आणि दोन्ही एकमेकांकडे येतात. कॅम्पर जितका उंच, तितकी फट जास्त खाल्ली जाते. म्हणून निघण्याआधी रिकाम्या पार्किंग लॉटच्या तोंडाशी, जिथे असा उतार-चढ असेल तिथे, अगदी हळू नेऊन बघा. एकाने बाहेर उभं राहायलाच हवं; आरशात हे दिसत नाही.

आम्ही तिथेच कडेला थांबून पट्टे सोडले, कनू वीतभर पुढे सरकवली आणि पुन्हा बांधली. अर्धा तास गेला.

बांधण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते. आमची कनू सोळा फुटी, २७ किलोची. ती उपडी ठेवतो. टपावरच्या आडव्या दांड्यांवर, म्हणजे क्रॉसबारवर, दोन पट्टे, तेही हाताने ओढून आवळायच्या कॅम-बकलचे. खटक्याच्या दांडीने आवळायचे रॅचेटचे पट्टे नकोत, त्यांनी नकळत इतकं आवळलं जातं की कनूचं अंग चेपतं. पट्ट्याला एक पीळ द्या, नाहीतर हायवेवर तो वाऱ्याने सतत घुमत राहतो. पुढच्या टोकापासून दोन दोऱ्या बॉनेटखाली बोल्टला लावलेल्या फासांना, उलट्या व्हीसारख्या. मागची दोरी गाडीलाच बांधा, कॅम्परच्या दांड्याला कधीही नाही. कॅम्पर वळला की तो कनू ओढणार. दोरीचं सुटं टोक खोचून टाका. नायलॉनची दोरी भिजली की सैल पडते, आम्ही पॉलिएस्टरची वापरतो. निघाल्यावर पंधरा-वीस किलोमीटरवर थांबून सगळं एकदा हाताने ओढून बघायचं, आणि पाऊस येऊन गेला की पुन्हा.

उपड्या कनूची टोकं टपाच्या खाली येतात, त्यामुळे आमचा मागचा दरवाजा उघडतच नव्हता. डबे, रेनकोट, औषधं मागच्या सीटपाशी ठेवली, ते बरं झालं.

वजनाचा हिशोब कागदावर करा. टपाची मर्यादा गाडीच्या पुस्तकात असते. आमची ७५ किलो, आणि त्यात क्रॉसबारही धरायचे. कॅम्परच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर यावा लागतो आणि तो गाडीच्या वहनक्षमतेतूनच वजा होतो. माणसं, सामान, कनू आणि हा भार मिळून बेरीज करायची, हे बरेचजण विसरतात. कॅम्परचं भरलेलं वजन १,३६० किलो किंवा जास्त असेल, तर ऑन्टॅरिओत त्याला स्वतंत्र ब्रेक लागतात.

हायवे ४०० वरून बॅरी, मग हायवे ११ आणि हंट्सव्हिलपासून हायवे ६०. वेग ९० च्या वर नेला नाही. मोठा ट्रक बाजूने गेला की कनूचं नाक हलतं आणि कॅम्परलाही हिसका बसतो. स्टिअरिंग धरून शांत राहायचं, घाबरून ब्रेक मारायचा नाही. पेट्रोल एरवीच्या दीडपट लागलं.

पार्कमधल्या म्यू लेकच्या कॅम्पग्राउंडला, ६० नंबर रस्त्याच्या तिसाव्या किलोमीटरपाशी, कॅम्पर सोडला. साइटचं बुकिंग पाच महिने आधी खुलं होतं, त्याच दिवशी करा. दुसऱ्या सकाळी फक्त कनू घेऊन चौदाव्या किलोमीटरवरच्या कनू लेकला गेलो. तिथून 'जो लेक' या पुढच्या तळ्याला जायला २९५ मीटर कनू डोक्यावर घेऊन चालावं लागतं. नवऱ्याने ती खांद्यावर टेकवली, मी वल्ही आणि लाइफ जॅकेटं घेतली. पलीकडे पाण्यात ढकलली तेव्हा कुठेच कुणी नव्हतं, फक्त लून पक्ष्याची लांबून येणारी हाक.

दोनच दिवसांसाठी जात असाल तर कनू भाड्याने घ्या; कनू लेकला आणि ओपिओंगो लेकला मिळते. आमचा आठवडा होता आणि रोज संध्याकाळी म्यू लेकवर उतरायचं होतं, म्हणून स्वतःची नेली.

निघताना कनूतलं पाणी काढून, चिकटलेलं शेवाळ आणि पाणवनस्पती पुसून टाका. २०२२ पासून ऑन्टॅरिओत तो कायदाच आहे.

परतताना त्याच पंपावर पेट्रोल भरलं. मुलगी आधीच उतरून बाजूला उभी राहिली. गाडी चढाला लागली तशी मी थांबले, तिने कोपरापासून हात धरून फट मोजली आणि म्हणाली, "हातभर आहे, ये."