मधला स्पीकर मुका होता

आमच्या हॉलमधला रिसीव्हर २०१२च्या दिवाळीतला. जपानी कंपनीचा काळा ठोकळा, टीव्ही-प्लेअरचा आवाज स्पीकरांना वाटून देणारा. ५.१ चॅनलचा, म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर. तेव्हा आम्ही धायरीला भाड्याने राहत होतो आणि मला कॉलेजच्या लायब्ररीत कायम होऊन वर्षही झालं नव्हतं. तो खोका रिक्षातून मी मांडीवर धरून आणला होता. नवऱ्याच्या मते त्याने. ह्यावर तेरा वर्षांत एकमत झालेलं नाही.

वायरींचं खातं आमच्या घरी माझ्याकडे आहे. नवऱ्याला बातम्या ऐकू आल्या की पुरतं. सासूबाई संध्याकाळी मालिका आणि रविवारी दुपारी जुने सिनेमे बघतात. त्यांची खुर्ची डाव्या भिंतीला, देवघराच्या दाराशी. ती तिथून हलत नाही.

२०२५च्या सप्टेंबरात ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला. आमचा जुना टीव्ही तसाही एका कोपऱ्यात पिवळा पडत चालला होता, त्यामुळे दसऱ्याला ५५ इंची फोर-के टीव्ही घरी आला. खोक्यावर आपट्याची पानं ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि त्याच रात्री कटकट सुरू झाली.

आधीच्या सवयीने ओटीटीची स्टिक रिसीव्हरच्या मागे खोचली आणि रिसीव्हरमधून वायर टीव्हीला दिली. चित्र आलं, पण १०८०च, म्हणजे साधं एचडी. कारण मला लगेच कळलं, पटायला वेळ लागला. माझा रिसीव्हर एचडीएमआय १.४चा, म्हणजे चित्र-आवाज नेणाऱ्या वायरीच्या जुन्या पिढीचा. फोर-केच्या सिनेमांना वाटेतल्या प्रत्येक यंत्राकडून एचडीसीपी २.२ नावाचं कुलूप उघडता यायला हवं असतं, आणि त्याची किल्ली ह्या पिढीच्या रिसीव्हरांकडे नाहीच. मग स्टिक थेट टीव्हीला लावली आणि टीव्हीपासून रिसीव्हरपर्यंत एकच वायर ठेवली, 'आर्क' लिहिलेल्या भोकात. चित्र टीव्हीनेच घ्यायचं आणि आवाज त्या वायरीतून उलटा रिसीव्हरकडे पाठवायचा. ही सोय २००९ सालच्या एचडीएमआय १.४मध्येच आली, त्यामुळे माझ्या म्हाताऱ्यालाही ती येते. फक्त रिसीव्हरच्या मेनूत 'एचडीएमआय कंट्रोल' बंद होतं, ते चालू करावं लागलं. फोर-के चित्र आलं, आवाज आला, मी झोपले.

चारच दिवसांत सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा नुसते ओठ हलवतोय."

मला वाटलं, कान. त्यांचं वय ८१. डॉक्टरांकडेही जाऊन आलो, पण वयाच्या मानाने ऐकणं ठीक निघालं. आवाज वाढवला तर पार्श्वसंगीत अंगावर यायचं आणि माणसं तरी पुटपुटतच. त्यात डावा स्पीकर मध्येच जायचा. आवाजाचं बटण जोरात वर नेलं की खट्कन परत यायचा. नवरा एकदा पेपरामागून म्हणाला, "बदलून टाक की. तेरा वर्षं झाली." त्याच्या तोंडून असं वाक्य बारा वर्षांतून एकदा येतं, म्हणून मी दुसऱ्याच दिवशी त्याला घेऊन शोरूममध्ये गेले.

तिथला मुलगा चांगला होता, पण सगळं नवऱ्याला सांगत होता. "सर, हा एट-के रेडी आहे. सर, ह्यात ईआर्क आहे." सर एसीच्या झोताखाली उभे राहून मान हलवत होते. मी विचारलं, क्रॉसओव्हर (कुठल्या सुराखालचा खर्ज वूफरकडे वळवायचा ती हद्द) प्रत्येक चॅनलला वेगळा लावता येतो का? त्याने उत्तर दिलं, तेही सरांनाच.

डेमोची खोली मात्र मला मोहात पाडून गेली. छतात चार स्पीकर, भिंतींना जाड कापड, अंधार. पाऊस लावला तर खरंच पत्र्यावर पडतोय असं वाटलं. डॉल्बी ॲटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही आवाज देणारी ही पद्धत, थिएटरांत २०१२ साली आलं, म्हणजे मी हा रिसीव्हर घेतला त्याच वर्षी, आणि घरातल्या यंत्रांत २०१४ला. दोन वर्षं थांबले असते तर, हा विचार मी त्या खोलीत चार-पाच वेळा केला. किंमत सांगितली ७८ हजार, वर छताच्या स्पीकरांचे वेगळे.

एक मात्र खटकलं. मुलगा म्हणाला, ईआर्क, म्हणजे आर्कची पुढची पिढी, नसेल तर ॲटमॉस मिळणारच नाही. तसं नाही. ओटीटीवरचं ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये गुंडाळून येतं आणि ते साध्या आर्कमधूनही जाऊ शकतं. ईआर्क लागतो तो ब्लू-रेवरच्या ट्रू-एचडीसारखा बिनकाटछाटीचा आवाज टीव्हीमार्गे न्यायचा असेल तर. माझा ब्लू-रे प्लेअर रिसीव्हरलाच जोडलेला आहे आणि ट्रू-एचडी हा म्हातारा आजही नीट उलगडतो. म्हणजे ज्या चाळीसेक डिस्क कपाटात आहेत, त्यांच्यातला ५.१चा आवाज ७८ हजार घालूनही तोच राहणार होता.

घरी येऊन माहितीपत्रक आणि माझी जुनी पुस्तिका शेजारी ठेवली. नव्यावर ८० वॅट, जुन्यावर १०५. नवरा म्हणाला, "म्हणजे नवा कमी ताकदीचा?" तर नाही. बारीक अक्षर वाचायचं. नव्याचे ८० हे ८ ओहमला, दोन चॅनल एकदम चालवून, २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत मोजलेले. जुन्याचे १०५ हे ६ ओहमला, एकच चॅनल, एकाच सुरावर, १ किलोहर्ट्झला. हे म्हणजे एकाने भरल्या एसटीचं अ‍ॅव्हरेज सांगायचं आणि दुसऱ्याने उतारावरच्या रिकाम्या गाडीचं.

शिवाय वॅटची गरज किती? माझे स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ८९ डेसिबल देतात. सोफा तीन मीटरवर आहे, तिथे खोलीच्या भिंती धरून ८१-८२ तरी उरतात. म्हणजे एका वॅटला! दहा वॅट दिले तर दहा डेसिबलनी वर, आणि तेवढ्यावर खालच्या मजल्यावरचे काका वर येतात. ताकद दुप्पट केली तर वाढ फक्त तीन डेसिबलची. वॅटसाठी रिसीव्हर बदलायचा नाही, एवढं त्या रात्री पक्कं झालं. पण माणसं पुटपुटतात त्याचं काय, ते तसंच राहिलं.

ते उलगडलं धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी, आणि त्याचं श्रेय माझ्या चकलीच्या पिठाला. टीव्हीखाली पिठाचा हात लागला होता म्हणून ओलं फडकं घेऊन वाकले. मालिका चालू होती. मधल्या स्पीकरच्या जाळीवरून फडकं फिरवताना कान जवळ गेला आणि आत काहीच नव्हतं. पडद्यावर सून आणि सासू तावातावाने भांडतायत, आणि ज्या खोक्यातून संवाद यायचे ते खोकं गार. मी जाळीला कान लावला. सासूबाईंनी विचारलं, "काय ऐकतेस?" म्हटलं, "काही नाही." खरंच काही नव्हतं.

मग रिसीव्हरच्या तोंडावरची ती हिरवी पट्टी नीट वाचली, जी मी दसऱ्यापासून वाचलीच नव्हती. 'पीसीएम', म्हणजे डॉल्बीत न गुंडाळलेला साधा आवाज. खाली स्पीकरांच्या चौकटींत दोनच उजळलेल्या, डावा आणि उजवा. नवा टीव्ही कारखान्यातून 'डिजिटल आउटपुट : पीसीएम' लावून आला होता आणि साध्या आर्कमधून पीसीएम जातं ते दोनच चॅनलचं. आधी स्टिक थेट रिसीव्हरला डॉल्बी द्यायची, त्यामुळे पाचही स्पीकर चालायचे. आणि मी कधीतरी गाणी ऐकताना 'डायरेक्ट'चं बटण दाबून ठेवलेलं. डॉल्बी येत होतं तोवर त्याचा त्रास नव्हता. दोन चॅनल यायला लागल्यावर मात्र डायरेक्ट म्हणजे दोनाचे दोनच, मधल्याला वाटा नाही.

मधोमध बसणाऱ्याला दोन स्पीकरांतून येणारा संवाद पडद्यातून आल्यासारखा वाटतो. मी मधोमध बसते. सासूबाई डाव्या भिंतीला, त्यांच्या कानाशी एकटा डावा स्पीकर, आणि तोच मधूनमधून मरणारा. बिचाऱ्या खरं सांगत होत्या. तो नुसते ओठच हलवत होता.

टीव्हीच्या मेनूत सहा पायऱ्या खाली जाऊन 'ऑटो' केलं. रिसीव्हरवर 'डॉल्बी डी' उमटलं, पाच चौकटी उजळल्या. मी सासूबाईंना काही सांगितलं नाही, फक्त तो भांडणाचा प्रसंग मागे नेऊन परत लावला. त्या म्हणाल्या, "ही एवढी फाडफाड बोलते होय!"

डाव्या स्पीकरचं राहिलं होतं. दिवाळीनंतर रिसीव्हर स्कूटीच्या पायाशी ठेवून तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात नेला. माडीवर एक जण फक्त अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतात. त्यांनी झाकण उघडलं, शिंकले आणि म्हणाले, "ताई, ह्यात झुरळांचं खानदान नांदून गेलंय." दोष रिलेचा होता. चालू केल्यावर टक् असा आवाज येतो ना, ती स्पीकर जोडणारी डबी. तिच्या आतले संपर्क काळवंडले की बारीक आवाजाला वीज अडते. आवाज वाढवला की धक्क्यासरशी जाते, म्हणून तो बटण फिरवल्यावर परत यायचा. जुनी रिले त्यांनी माझ्यासमोर पकडीने फोडून दाखवली. आतला चांदीचा ठिपका भाजल्या वांग्यासारखा. नवी रिले, सफाई आणि चहा धरून साडेसहाशे रुपये. चहा त्यांनीच मागवला होता, पैसे माझ्याकडून घेतले.

घरी आणल्यावर माइक लावून खोलीचं मोजमाप परत केलं. धायरीतून इथे येऊन सहा वर्षं झाली आणि यंत्रात अजून धायरीच्याच हॉलची अंतरं होती. मागचा डावा स्पीकर त्याच्या हिशेबी साडेतीन मीटरवर, प्रत्यक्षात दीड. पंखा बंद, फ्रीज बंद, सगळ्यांना आत बसवलं. पहिल्या वेळी शेजारच्या कुकरने तीन शिट्ट्या घातल्या, म्हणून दोनदा करावं लागलं. मधल्या स्पीकरखाली पुढून दाराची रबरी पाचर सारली, म्हणजे त्याचं तोंड गुडघ्यांऐवजी कानाकडे झालं. पाचर वीस रुपये.

तर सध्या रिसीव्हर बदलत नाही. ॲटमॉसचा पाऊस मात्र डोक्यातून गेलेला नाही. छताकडे तोंड करून आवाज उसळवणारे स्पीकर मिळतात, पण आमच्या छताच्या बरोबर मध्ये पंखा आहे आणि पुण्याच्या एप्रिलात तो चारवरच असतो. लावायचे तर छतालाच. स्लॅब फोडायचा नाही, पण कडेने केसिंग पट्टीतून दोन वायरी नेता येतील. मे महिन्यात हॉलला रंग काढायचाय. इलेक्ट्रिशियनला मी पट्टीचं माप देऊन ठेवलंय. नवऱ्याला अजून बोलले नाही, आणि तो माझा ब्लॉग वाचत नाही.